डाव्या बाजूचा जावई

गिऱ्हाइकानं उभं राहायचं आणि रिकामटेकड्यांनी बसायचं, असा त्या सोफ्याच्या दुकानाचा उलटा कारभार होता. दुरुस्तीला आलेले कोच, फोम भरून झालेल्या पण कापड चढवायच्या राहिलेल्या खुर्च्या, उद्या सकाळी पोहोचवायचा नवाकोरा दिवाण, जे समोर असेल त्यावर रोज संध्याकाळी दोन माणसं बिनदिक्कत बूड टेकायची. एक ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, दुसरा कोपऱ्यावरचा बेकरीवाला. "स्प्रिंगा तपासून देतोय तुझ्या, तेही फुकटात," असं वर तोंड करून सांगायची. तिसरा दुकानाचा धनी. त्याला सगळी गल्ली 'मालक' म्हणायची. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे त्यानं कधी विचारलं नाही. तो आपला उभा, ओठांत बारीक खिळे धरून, एकेक काढून लाकडात ठोकत. तोंडात खिळे असलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे चर्चेत त्याचा वाटा 'हं' आणि 'अंहं' एवढाच. इतक्या वर्षांत या दोघांशी त्याचं एकदाही वाजलं नाही, त्याचं कारणही तेच असावं.

चर्चा फुटबॉलची. दुसरा विषय निघायचाच नाही, आणि निघालाच तर फिरून गोलपोस्टापाशी येऊन थांबायचा. बेकरीवाल्याकडे बातम्यांचं खातं. कोणत्या क्लबानं कोणाला घेतलं, कुठल्या कोचची खुर्ची डळमळतेय, लीगच्या कचेरीत काय शिजतंय, सगळं याला आधी कळणार. त्याच्याकडे पाव एक वेळ शिळा मिळेल, बातमी नाही. मास्तरकडे डावपेचांचं खातं. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवून त्याला मैदानसुद्धा चौकासारखं दिसायला लागलं होतं. "अरे बघ, बघ, आरशात न बघताच वळला!" असं तो टीव्हीतल्या खेळाडूवर खेकसायचा, आणि शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून बाजूला सरकायचं.

तिघांचा क्लब एकच. गावातलाच, लीगच्या तक्त्यात कायम मधेच लटकणारा, ना वर जाईल ना खाली. आणि या क्लबात मालकाचा जावई लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू होता.

होता म्हणजे, बहुतेक वेळ बेंचवर होता. मास्तर आणि बेकरीवाला सुरुवातीला त्याच्याविषयी जपून बोलायचे. सासऱ्याच्या तोंडावर जावयाला काय म्हणणार? पण हळूहळू दोघंही पोराच्या प्रेमात पडले, आणि मग कोचच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. "आपल्या पोराला बसवतो आणि त्या पळपुट्याला खेळवतो! डोळे आहेत का बटणं?"

बटणांवरून आठवलं. मालकाची नात चार वर्षांची, आणि तिला सगळे 'बटण'च म्हणायचे. दुपारी बालवाडी सुटली की ती दुकानात यायची, सोफ्याच्या पाठीला लावायची कापडी बटणं जमिनीवर मांडून त्यांचं लग्न लावायची, भांडण लावायची, आणि मग जो कोच समोर दिसेल त्यावर आडवी होऊन झोपायची. कितीतरी लोकांच्या दिवाणखान्यात बटणच्या लाळेचे डाग कापडाखाली गेलेले आहेत, त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नाही. मालकाची बायको गेल्यावर घरात भांड्याचासुद्धा आवाज होईना, तेव्हा लेक आपणहून म्हणाली, "आम्ही वरच्या मजल्यावर राहायला येतो." ती एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करायची, तिला इथून जवळही पडत होतं. ती आली, जावई आला, बटण आलं, आणि मालक पुन्हा जेवायला लागला. अगदी सरळ सांगायचं तर हा माणूस या तिघांवर जगत होता. ते गेले असते तर त्याला दुसरं काहीही नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच लीग वाढवायची टूम निघाली.

"दोन नवे संघ!" बेकरीवाला हातातला ट्रे तसाच घेऊन दुकानात शिरला. "पक्की बातमी. पुढच्या मोसमापासून. एक तर पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. विमान बदलून जावं लागतं तिकडे."

"आणि खेळाडू कुठून आणणार? झाडाला लागतात?" मास्तर.

"आपल्याकडूनच. प्रत्येक जुन्या क्लबानं आपले अकरा जण राखीव म्हणून जाहीर करायचे. त्यांना कोणी हात लावायचा नाही. बाकीच्यांतून नव्यांनी हवा तो उचलायचा. उचलला की गेला. खेळाडूनं नको म्हणायचं नाही, करारातच लिहिलेलं असतं."

मग काय, आठवडाभर दुसरं काही नाही. राखीव अकरा कोण? गोलकीपर नक्की. मधला बचाव सांभाळणारे दोन्ही स्टॉपर नक्की. तो नऊ नंबरचा म्हातारा कशाला? अरे, त्याच्या नावावर टी-शर्ट विकले जातात, म्हणून. मास्तर आणि बेकरीवाला एकाच कोचावर दोन टोकांना बसून असे भांडायचे की मधली स्प्रिंग कुरकुरायची. आणि शेवटी गाडी यायची जावयावर.

"पोराला राखीवमध्ये घेणार नाहीत," बेकरीवाला एके दिवशी म्हणाला. "मला क्लबाच्या कॅन्टीनवाल्यानं सांगितलं. किंमतच नाही त्याची त्यांना."

"किंमत कशी असेल? गोल नाही, गोलसाठी शेवटचा पास नाही. आकड्यांत पोरगा दिसतच नाही," मास्तर म्हणाला. "आपल्याला तरी नक्की काय दिसतं त्याच्यात? आवडतो आपला."

इथं मालकानं तोंडातले खिळे हातावर काढले. असं कधी होत नसे.

"मी सांगतो काय दिसतं ते," मालक म्हणाला.

जावई रोज रात्री जेवताना त्याला समजावून सांगायचा, मिठाची डबी आणि चमचे ताटाभोवती फिरवून. चेंडू उजवीकडे असला की सगळे लेफ्ट बॅक आपापल्या रेषेला चिकटून उभे राहतात. हा राहत नाही. हा आत येतो, मैदानाच्या मध्यावर, आणि नुसता उभा राहतो. पळत नाही, ओरडत नाही. पण तो तिथं उभा असल्यामुळे समोरच्या संघाला मधून पास देता येत नाही, आणि त्यांना वळसा घालून जावं लागतं. जे घडलंच नाही ते कोणाला दिसणार? मालकानं कापड कापायच्या टेबलावर खडूनं मैदान आखलं, बटणच्या डब्यातली बटणं मांडली, आणि तांबड्या बटणाला आत सरकवून दाखवलं.

मास्तर टेबलावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. "च्यायला," तो म्हणाला. "हा चौकातला वाहतूक हवालदार आहे रे! शिट्टी न वाजवता सगळी गर्दी वळवतोय!"

झालं. मास्तर पेटला. त्यानं जुने सामने काढले, जावई जिथं जिथं नुसता उभा होता ते तुकडे गोळा केले, वरून बाण काढले, मधे मधे मालकाच्या टेबलावरची बटणं दाखवली, आणि आपल्या आवाजात सगळं समजावून व्हिडिओ नेटवर टाकून दिला. नाव दिलं, 'न पळणारा माणूस'. "आता बघू कसे राखीवमध्ये घेत नाहीत ते!" मालकाला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी त्यानं एका कोचाला मागची पाठ पुढं लावली, आणि उसवताना स्वतःशीच हसत होता. त्याचं माणूस चांगलं आहे हे आता लोकांना कळणार होतं. कोणाला आनंद होणार नाही?

व्हिडिओ पसरला. नुसता पसरला नाही, उधळला. बेकरीवाला दर तासाला येऊन आकडा सांगायचा, जणू त्याच्याच भट्टीतून निघालाय.

तिसऱ्या दिवशी लेक दुकानात आली. दवाखान्यातून तशीच आलेली, हाताला स्पिरिटचा वास.

"बाबा, ते टेबल आपलं आहे. व्हिडिओतलं."

"हो! बघितलास? कसा झालाय?"

"उतरवा तो. आत्ताच्या आत्ता."

मालकाला वाटलं पोरगी लाजतेय. "अगं, चांगलंच बोललोय आम्ही. त्याला राखीवमध्ये—"

"राखीवमध्ये तो नाहीये बाबा. नावं ठरलीत. मोठ्या नावांना जागा पुरत नाही, त्यांनी कसंबसं बसवलंय." ती दिवाणाच्या कडेला टेकली. "सहायक कोचनं ह्याला बोलावून सांगितलंय. म्हणाला, तू आम्हाला हवा आहेस, पण राखीवमध्ये घेता येत नाही. तू फक्त गप्प बस. तुझे आकडे काही नाहीत, तुझ्याकडे कोणी बघणारही नाही, तू आपोआप इथंच राहशील. कोणाला म्हणजे कोणाला सांगू नको म्हणाला, म्हणून तुम्हालाही बोललो नाही. आणि तुम्ही गावभर दवंडी पिटलीत."

मालकानं हातोडी खाली ठेवली. "मग आता?"

"आता काही नाही. यापुढे एक शब्दही बोलू नका. गप्प बसा, एवढंच करा माझ्यासाठी." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, "मला नाही जायचं हो बाबा तिकडे."

गप्प बसा. किती सोपं काम! आयुष्यभर तोंडात खिळे धरून गप्पच बसला होता हा माणूस. पण आता जीव टांगणीला लागलेला. त्यानं संध्याकाळी दोघांना सगळं सांगितलं, शपथ घालून. मास्तरनं तिथल्या तिथं व्हिडिओ उतरवला. पण तोवर तो अनेकांनी उचलून आपापल्या नावानं लावला होता, कोणी वर गाणं चिकटवलं होतं, कोणी परक्या भाषेत समजावून सांगत होतं. मास्तर एकेकाला हात जोडून लिहीत होता, काढा हो, कृपा करा. एकानं उत्तर पाठवलं, 'काका, फार सुंदर आहे, का काढू?'

"काढता येत नाही ना," बेकरीवाला विचार करून म्हणाला, "मग झाकायचं. उलटा व्हिडिओ करायचा. पोरगा कसा भिकार आहे ते दाखवायचं. ज्यांनी चढवला त्यांनीच उतरवला म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसेल."

हे डोकं फक्त फुटबॉलवेड्याचंच. दुसरा कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पाण्यात दगड मारलाय, आता तरंग मोजत गप्प बस. पण या तिघांना गप्प बसून काही होतं यावर विश्वासच नव्हता. टीव्हीसमोर बसून ओरडलं की खेळाडूला ऐकू जातं, असं मानणारी ही माणसं. मालकाला लेकीचं वाक्य आठवत होतं, नाही असं नाही. पण हातावर हात धरून बसायचं आणि एके दिवशी बटणला विमानात बसताना बघायचं, हे त्याच्यानं होणार नव्हतं.

"मी बोलतो त्यात," मालक म्हणाला. "माझा आवाज गल्लीत सगळे ओळखतात. सासराच नावं ठेवतोय म्हटल्यावर कोण घेईल त्याला?"

दुसऱ्या दिवशी शटर अर्ध्यावर ओढून तिघं बसले. मास्तरनं जावयाच्या सगळ्या चुका शोधून आणल्या होत्या. बेकरीवाल्यानं फोन धरला.

"हं, बोल," मास्तर म्हणाला. "हा बघ. त्यांचा विंगर कडेनं, याच्या बाजूनं, सरळ निघून गेला. गोल झाला."

मालकानं घसा साफ केला. "पाय जड आहेत त्याचे," तो म्हणाला. "वळायला वेळ लागतो. पहिल्यापासूनच."

"अगदी," बेकरीवाला.

"नाही, थांब हं," मास्तर पडद्याकडे बघत म्हणाला. "तो वळला नाही कारण स्टॉपर जागेवर नव्हता. तो वळला असता तर मधून सरळ गोल होता. त्यानं कमी वाईट ते निवडलं."

"अरे मास्तर! आपण कशाला बसलोय?"

"हो हो. चुकलो. पुढचा घे. हा बघ, हा पास सरळ त्यांच्या पायात दिला."

"डोकं ठिकाणावर नसतं त्याचं," मालक म्हणाला.

"पण तिथं आपला माणूस असायला हवा होता," बेकरीवालाच म्हणाला. त्यालाच राहवलं नाही. "तो नऊ नंबरचा म्हातारा कुठं तडमडला होता? पास बरोबरच आहे!"

असं एकेक चाललं. चूक काढायची, तिला चार शिव्या घालायच्या, मग मास्तरनं बघायचं, परत बघायचं, आणि कळवळून म्हणायचं, नाही रे, ही त्याची नाही. मालक घामाघूम होऊन जावयाला नावं ठेवत होता आणि आतून त्याला प्रत्येक वेळी बरंही वाटत होतं, काय करणार? शेवटी मास्तर वैतागून म्हणाला, "जाऊ दे, आहे ते टाकून देतो. मधलं कापायला मला येत नाही आणि वेळही नाही." त्यानं टाकला तो तसाच, वादावादीसकट.

वरच्या मजल्यावर लेकीनं तो पाहिला नाही. तिनं फोनवरचे सगळे फुटबॉल बंद करून टाकले होते. पण जावयानं पाहिला. मालकाला ते कोणी सांगायची गरज पडली नाही. त्या दिवसापासून जावई जेवायला उशिरा बसायला लागला, मिठाची डबी जागची हलेना. "जावईबापू, काल सरावाला काय झालं?" विचारलं तर, "काही नाही बाबा. नेहमीचंच." चांगला मुलगा होता, उलटून बोलणाऱ्यातला नव्हता. त्यामुळे जास्तच लागत होतं. मालकाला दहादा वाटलं, जाऊन सांगावं, अरे, तू इथं राहावास म्हणून बोललो. पण म्हणजे काय सांगायचं? तुझं नाव बुडावं म्हणून बोललो, हेच ना? मालक तसाच माघारी यायचा.

निवडीच्या दिवशी संध्याकाळी सगळे दुकानातच जमले. टीव्ही मोठा तिथंच होता. मास्तर आणि बेकरीवाला आज बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. लेक एका बिनकापडाच्या खुर्चीवर, हात मांडीत घट्ट धरून. बटण निळ्या मखमलीच्या कोचावर झोपलेलं. जावई दारात उभा, एक पाय आत, एक बाहेर.

पडद्यावर कोणी सुटाबुटातला माणूस बोलत होता. लीगचा विस्तार, नवं पर्व, असलं काहीबाही. मालकाला काही ऐकू येत नव्हतं. दुसरा कोणीही घ्या, तो मनात म्हणत होता. दोन संघांना मिळून एवढे सगळे घ्यायचेत, घ्या की, सगळे घ्या, फक्त हा सोडा.

पहिली निवड दूरच्या त्या नव्या संघाची होती. सुटाबुटातल्या माणसानं चिठ्ठी उघडली आणि जावयाचं नाव घेतलं.

"पहिलाच!" बेकरीवाला ओरडला. हवेत मूठ उंचावून ओरडला, आपल्या माणसानं गोल मारल्यासारखा. मग त्याचं लेकीकडे लक्ष गेलं आणि हात वरच्या वर राहिला. मास्तरनं त्याला कोपरानं ढोसलं.

मालकानं जावयाकडे पाहिलं. जावयाचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो हसला. इतक्या वर्षांत असं हसताना मालकानं त्याला पाहिलं नव्हतं. सगळ्या देशातून, सगळ्या क्लबांतून, पहिलं नाव. बेंचवर बसून बसून या पोरानं किती गिळलं असेल, हे मालकाला त्या क्षणी कळलं, आणि आपण काय अडवून धरायला निघालो होतो तेही कळलं. पण कळून उपयोग काय?

पडद्यावर आता नव्या संघाचा कोच होता. जाडजूड माणूस, खुशीत आलेला. त्याला कोणी तरी विचारलं, हे नाव कुठून काढलंत?

"चाहत्यांकडून," तो म्हणाला. "त्याचं कौतुक करणारा एक व्हिडिओ फिरत होता, तो मीही पाहिला. पण कौतुकाचं काय, प्रत्येक खेळाडूचं कोणीतरी करतंच. मी नाव पक्कं केलं ते दुसऱ्या व्हिडिओवरून. त्यात तीन गृहस्थ त्याला शिव्या घालायला बसलेत. खूप जोर लावतात बिचारे. पण शेवटपर्यंत एक चूक त्यांना त्याच्या माथी मारता येत नाही. मी आमच्या सगळ्या लोकांना तो दाखवला. म्हटलं, ज्याचे शत्रू असे, तो मला पहिला हवा."

मास्तरनं खाली बघायला सुरुवात केली ती मान वर केलीच नाही.

मालकाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं होईल. गप्प बसा, एवढंच सांगितलं होतं. एवढंच. आणि त्यानं आपल्या हातानं, आपल्या तोंडानं, पोरीला विमानात नेऊन बसवलं होतं.

जावई आत आला. सरळ मालकासमोर आला आणि वाकून पायाला हात लावला, मग उठून त्याला मिठीच मारली.

"बाबा! तुम्ही... काय डोकं लावलंत! आणि मी गाढव, इतके दिवस तुमच्यावर रुसून बसलो होतो. मला वाटलं, बाबांनासुद्धा माझे पाय जड वाटतात." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "उलटं बोलून लोकांना बघायला लावलंत. मला काही बोललासुद्धा नाहीत! सगळ्यांनी हात टेकले होते बाबा, मीसुद्धा. तुम्ही एकट्यानं नाही टेकले."

"अरे, नाही रे..." मालक म्हणाला. पुढं काय म्हणणार? तसं नव्हतं, तुला कोणी घेऊ नये म्हणून बोललो? हे त्या तोंडावर म्हणायचं? आत्ता? पोराच्या आयुष्यातला पहिला चांगला दिवस होता तो.

"बाबा."

लेक उठून उभी राहिली होती. आवाज अगदी हळू.

"तो दुसरा व्हिडिओ तुम्ही केलात?"

मालकानं होकारार्थी मान डोलावली.

"मी सांगून गेले त्यानंतर? गप्प बसा म्हटलं, जायचं नाही म्हटलं, त्यानंतर?"

"अगं, त्यांना ठाऊक होतं," जावईच मधे बोलला, मालकाच्या खांद्यावरचा हात न काढता. "माझी इथं काय अवस्था होती ते बाबांना दिसत होतं. आपण इथं कुजू नये असं वाटलं त्यांना. हो ना बाबा?"

लेक नवऱ्याकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती. "आम्ही जावं असं वाटत होतं तुम्हाला?"

मालकानं मास्तरकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत होता. खरं सांगितलं तर खांद्यावरचा हा हात निघणार, आणि तो परत कधी पडायचा नाही. ते जाणार ते जाणारच, करारातच लिहिलंय. शिवाय जाताना हा मुलगा मनात काय घेऊन जाईल? आणि खरं नाही सांगितलं तर ही जी समोर उभी आहे, तिला काय वाटेल? दोन्हीकडून आपलीच माणसं, आणि बोलायला एकच तोंड. मालकानं खूप शोधलं, पण त्याला तिसरं उत्तर सापडेना.

"हो," तो म्हणाला. "वाटत होतं. त्याचं वय चाललंय. इथं काय ठेवलंय तुम्हाला."

लेकीनं वाकून झोपलेल्या बटणला उचललं, तिचं डोकं नीट खांद्यावर घेतलं.

"मागच्या वर्षी ह्याला दोन क्लबांनी बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी जाऊ दिलं नाही. बाबा एकटे पडतील म्हणून रडून रडून ह्याला थांबवलं. तुम्हाला सांगू नको म्हणून ह्याला शपथ घातली होती." तिनं पदराऐवजी बटणच्या फ्रॉकलाच डोळे पुसले. "उगाच थांबवलं हो मी. मला आधी सांगायचंत ना बाबा, की तुम्हाला आमची गरज नाही."

मालकानं पुन्हा तशीच होकारार्थी मान डोलावली. मग टेबलावरचे खिळे उचलून ओठांत धरले.